दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या

बुधवार, दुपार
वळूंचं केंद्र

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. मी पण. जेवण तेवढं जात नाही.

भाचीला सांग, मामाने मॅनेजरच्या खुर्चीला अजून शेण फासलेलं नाही. फासायला हवं होतं.

तुमची गाय चांदी तिसऱ्यांदा उलटली, परत माजावर आली, आणि भावजी तिला सोमवारी खाटकाच्या गाडीत चढवणार, हे तू फोनवर रडत सांगितलंस. मी नुसता "हं, हं" करत राहिलो. फोनवर माझं त्यापुढे जातच नाही, म्हणून हे लिहितोय.

चांदीला भरवलं ते आमच्या हिरोच्या कांड्यांनी, म्हणजे त्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळ्यांनी. हिरो म्हणजे इथला सगळ्यात देखणा वळू. मध्यंतरी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या वळूंचं रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्टात ढोल्या नावाच्या वळूत दोष निघाला. बाई म्हणाल्या, "याच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटलेत. वळू दिसायला ठणठणीत, पण कितीतरी गर्भ गायीच्या पोटातच जिरतात. गाय परत माजावर येते आणि लोक तिलाच वांझ म्हणतात."

ढोल्याला त्याच दिवशी काढला. माझ्याशिवाय कुणाच्या हाताने हलायचा नाही, म्हणून गाडीपर्यंत मीच नेला. वाटभर माझी बाही चाटत होता.

ताई, ढोल्यात काही दोष नव्हता.

रक्त घेतलं त्या दिवशी बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चिठ्ठ्या मीच लावणार. या माकडाला हात लावू देऊ नका." त्या चहाला गेल्या तेवढ्यात मी हिरोची चिठ्ठी ढोल्याच्या बाटलीला लावली, ढोल्याची हिरोच्या. परत आल्या की सांगून त्यांचं तोंड बघायचं होतं. पण तेवढ्यात बाटल्या रवानाही झाल्या. मग म्हटलं, जाऊ दे.

खाटकाच्या गाडीपाशी तरी बोलायला हवं होतं. दोरी माझ्या हातात होती, तोंडही माझंच होतं.

तुझ्या फोननंतर काल मॅनेजरला सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. तो दात कोरत हसला. "हिरोच्या कांड्यांनी टाकी भरलीय, त्या संपू दे. गाय काय बोलणार आहे?" वर पाठीवर थाप, "तू आपला माणूस. पुढच्या महिन्यापासून पक्का करतो तुला." घरी येऊन शर्ट दोनदा धुतला. ती थाप काही निघत नाही. आणि खरं सांगू, पक्का म्हटल्यावर क्षणभर बरं वाटलं होतं. त्याची जास्त किळस येते.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. मग हिरोचं नवीन रक्त काढलं, बाटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "लाव चिठ्ठी." मी नाव दोनदा वाचलं, मगच लावली.

मॅनेजरने दुपारी मला हाकललं. बरं झालं.

सोबत बाईंचा सहीचा कागद आहे. हिरोच्या कांड्या बंद करा, चांदीला दुसऱ्या वळूच्या कांडीने भरवा, तोवर वांझ ठरवू नका, असं लिहिलंय. दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवतोय, आजच मिळेल. भावजींना पूर्ण पत्र वाचून दाखव, चिठ्ठ्यांचं सुद्धा गाळू नकोस. मला शिव्या घालू देत. फक्त सोमवारी गाडी रिकामी परत जाऊ दे.

तुझा भाऊ,
ढोल्याला गाडीत चढवणारा