पडद्यामागचा आवाज

कोडोली, जि. कोल्हापूर
१२ ऑगस्ट १९५४

चि. श्यामला हिस,

अप्पांचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. मी ठीक आहे. खोकला आहे, पण तो जुनाच. आक्काने तुझ्यासाठी लोणचे घातले आहे. पुण्याला जाणारे कुणी भेटले की धाडीन म्हणते.

वाडीच्या शाळेत रेडिओ आल्याने काय फरक पडला, असे तू विचारतेस. ट्रेनिंग कॉलेजात त्यावर निबंध लिहायचा आहे म्हणे. लिही, फार फरक पडला! शाळा कमिटीचे चेअरमन आकाराम पाटील यांनी निवडणुकीच्या तोंडावर रेडिओ दिला, त्याला हार घातला, नारळ फोडला. वाडीत वीज नाही. बॅटरी आठवड्यात बसली. पण रेडिओचा तास वेळापत्रकात चढला होता, आणि तोही माझ्या कवितेच्या तासावर! पोरे हाताची घडी घालून त्या मुक्या पेटीपुढे बसायची. हेडमास्तर म्हणाले, "अप्पा, 'ऐकला' म्हणून लिहून टाका."

एके काळी माझा वर्ग चालीवर कविता म्हणू लागला की वाटेवरचा गाडीवान बैल थांबवायचा गं!

बघवेना. एके दिवशी पेटीमागच्या पडद्याआड बसलो आणि नदीची कविता म्हटली. पोरे खूश; माझ्यामागून म्हणू लागली. मग रोज तेच.

"आगं, रेडिओला खोकला हाय की!" पुढच्या रांगेतली चिमणी ओरडली.

"गप! बॅटरीला सर्दी झालीया," शेजारच्या गुंडूने दटावले.

सगळे चोर सामील होते.

हसलीस ना? पुढचे लिहायला हात उचलत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी न कळवता दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, सोबत पाटील. पडद्याखालून मला बूट दिसले. त्याच वेळी बाहेर यायला हवे होते. पण वर्ग इतका सुरात होता की मधेच कडवे तोडवेना.

"वा! काय उच्चार!" साहेब म्हणाले. "असा मास्तर कुठे मिळणार?"

"तेच म्हंतोय की साहेब," पाटील म्हणाले. "रेडिओ असताना मराठीला निराळा मास्तर कशाला? आमचं अप्पा थकल्यात आता."

आठ दिवसांत हुकूम आला. महिनाअखेर मला रजा. माझ्याच आवाजाने मला घरी बसवले! हेडमास्तर हात जोडतात, "खरं बोलू नका, माझी नोकरी जाईल." खोट्या नोंदींवर त्यांची सही आहे. म्हणून मी हुकूम घडी करून खिशात घातला.

आता नवी बॅटरी आली आहे. कवितेच्या तासाला उसाच्या खताची माहिती लागते. पोरे म्हणतात, "गुर्जी, ह्यो नगं, पयला लावा."

श्यामला, पाटलावर राग आहेच. पण एक गोष्ट त्याहून सलते. गुंडू 'नदी'ला 'नंदी' म्हणतो. पडद्याआडून मला ते रोज ऐकू यायचे, आणि मी कविता पुढे रेटायचो. रेडिओ कसा थांबणार? त्या दिवसांत मीही पेटीच झालो होतो.

'प्रयोग यशस्वी' असे लिहिलेस तरी हरकत नाही. कागदोपत्री तो झालाच आहे. मी मात्र उद्यापासून पेटीचा कान पिळून, खतवाल्याला बंद करून वर्गापुढे उभा राहणार. पाटलाला काय करायचे ते करू दे. गुंडूची नदी अजून वाहती व्हायची आहे.

तुझा,
महिनाअखेरपर्यंत मास्तर,
अप्पा