वाघा सरहद्दीवर इब्राहिमचाचा

अमृतसर, १४ डिसेंबर १९५९

तीर्थरूप अप्पांना,
तुमच्या यशूचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. थंडी कडक आहे, पण ह्यांच्या पलटणीची घोंगडी उबदार आहेत.

काल वाघा सरहद्दीवर तुमचे गिरणीतले, शेजारच्या मागावरचे जोडीदार भेटले. पत्रात ठरल्याप्रमाणे इब्राहिमचाचा लाहोरच्या गिरणीतून सुट्टी काढून आले होते. सूर्य मावळताना दोन्हीकडच्या जवानांनी पाय आपटत आपापले झेंडे एकदमच उतरवले. पलीकडच्या गर्दीत चाचा कोण ते मला ओळखू येईना. मग मी मोठ्याने हाक मारली, "चाचा, मी काळाचौकीची यशोदा."

बारा वर्षांनी मराठी ऐकून ते फाटकाकडे धावतच आले. आपल्या पहारेकऱ्याने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

मला वाटलं, आधी तुमची तब्येत विचारतील. पण पहिलाच प्रश्न, "बाय, मुंबय आपल्या महाराष्ट्राक गावली काय गो?"

"अजून नाही," मी म्हटलं, "पण अप्पा मोर्च्यात लाठी खाऊन आले."

हे मला शकूने कळवलं. तुम्ही का लपवलंत? गुडघा आता कसा आहे?

चाचा हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "त्याका सांग, गावली की माझ्या वाटचो पेढो पण खा."

आईला नमस्कार आणि शकूला माया.

तुमची लेक,
यशू