टाचणी सापडली

चि. धाकट्या शिंपीमहाराजांस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझं मशीन आणि काचबिंदूनं मागे ठेवलेला तो एक डोळा, तिघंही खुशाल असतील असं धरून चालते. रुसून फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. (पत्र फाडायच्या आधी तू वाचणार, लहानपणापासून ओळखते तुला.)

तर झालं असं. तू शिवलेला गाऊन घातला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या कुशीत, बरोबर शिवणीखाली, चटके दिल्यासारखी आग सुरू झाली. म्हटलं, शिंपी टाचणी विसरला. तुला फोन करून बोलायचं ते बोलले, नव्हतं बोलायचं तेही बोलले (‘आंधळा शिंपी’ तेवढं मागे घेते). मग चष्मा लावून अख्खा गाऊन उसवला. टाचणी नाही. हातात चिंध्या, आणि आग तिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत फोडांची पट्टी उठली, एकाच बाजूला, जणू तूच टेप धरून आखलीस.

डॉक्टरीणबाईंनी (नातीएवढी पोर, पण दटावते सासूसारखी) बघताक्षणी सांगितलं, नागीण. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, तेच जंतू. गेलेच नव्हते, पाठीच्या कण्याजवळ साठ वर्षं झोपून होते. (तुझे भाऊजीसुद्धा माझ्याजवळ एवढे टिकले नाहीत, बिचारे.) रक्तात म्हणे मारेकरी पेशी असतात. जंतू शिरलेली पेशी हुडकायची, तिला चिकटायचं आणि मारून टाकायची, एवढंच त्यांचं काम. वय झालं की त्या असतात ढीगभर, पण हात चालत नाही. शत्रूच्या मांडीला मांडी लावून बसून राहतात. मला काही उमगेना, मग तुझी जुनी कात्री आठवली. तीच पाती, तीच मूठ, पण धार गेली की कापड कापत नाही, नुसती चावत बसते. हे बोलले तर बाई हसली. म्हणाली, "आजी, अगदी हेच. लस म्हणजे धार लावून घेणं." नवीकोरी होत नाही म्हणे, पण काम भागतं.

महिनाभर नुसता वारा लागला तरी कळवळत होते. आता बरी आहे. पण जाताजाता विचारलं, भावालाही होईल का? कांजिण्या झालेल्या कुणालाही, म्हणाली. कधीकधी डोळ्यावर उठते, नजरही जाते. तेव्हापासून माझी आग मी विसरले. एकच आहे रे तो डोळा. जन्मभर सुया टोचत आलास आणि इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली शिरतोस, ठाऊक आहे मला. तरी लस घे.

तुझी,
ताई

ता. क. कांजिण्या शाळेतून तू घरात आणल्यास म्हणून बोलणी खाल्लीस. त्या आधी मला झाल्या होत्या. एकटीनं पडून राहायचं जिवावर आलं, म्हणून चार फोड फ्रॉकखाली झाकून तुझ्या पांघरुणात शिरले. तुझ्या अंगात जे कोण झोपलंय ते मीच घातलंय.

ता. ता. क. लस मलाही घ्यायची आहे. येत्या मंगळवारसाठी दोघांची नावं लावून आले. मला भीती वाटते, म्हणून आधी तू घे; बाईंना सांगून ठेवलंय, भाऊ सुईला भीत नाही. येताना दोरा आण. गाऊन तुझ्या हातानंच शिवायचाय.