म्हशीचं पुढं काय झालं?

कोल्हापूर,
मुलींचं वसतिगृह

ती. वर्षाराणी आत्यास,

संयोगिताचा वाकून नमस्कार. (खरं तर साष्टांगच घालणार होते, पण आमच्या खोलीत दोन कॉटच्या मधे तेवढी लांबी नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मामांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर त्यांनी पहिलं काय बघितलं? पेपरच असणार. मी इथं बरी आहे. मेसची आमटी सोडली तर आयुष्याबद्दल तक्रार नाही, आणि आमटीही आता ओळखीची झाली आहे.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आभार. फोनवर आभार मानायला लागले की तू मधेच "जेवलीस का" विचारतेस आणि विषय भाकरीवर जातो, म्हणून लिहून पाठवते आहे.

मागं कुरुंदवाडला आले तेव्हा आमच्या कॉलेजच्या अंकाचा पहिला नमुना तुझ्यासमोर ठेवला होता, ते तुला आठवत असेलच. मी संपादक, त्यामुळे माझी अपेक्षा होती की तू चष्मा लावशील, पानं उलटशील आणि म्हणशील, आमची पोरगी मोठी झाली. तू चष्मा लावलास, मुखपृष्ठाकडे बराच वेळ बघितलंस आणि विचारलंस, वाढदिवस कुणाचा आहे? मला राग आला होता, आता सांगते. पण तुझंही चुकलं नव्हतं. अंकाची मांडणी सम्राटनं केली होती. सम्राट माझ्या वर्गातला, त्याच्या घरचा डिजिटल फलकांचा धंदा आहे, अर्ध्या शहराच्या चौकांत शुभेच्छुक म्हणून जी डोकी झळकतात ती त्यांच्याच दुकानातून गोल कापून निघतात. त्यानं प्राचार्यांच्या डोक्यामागून सूर्य उगववला होता, खाली आम्हा सगळ्यांची मुंडकी गोलात बसवली होती आणि एका कोपऱ्यात वाघ होता. (कोपरा मोकळा राहिला होता, असं त्याचं म्हणणं.) आतली पानंही तशीच. उद्घाटन, सत्कार, सत्काराचा सत्कार. आमच्या उन्मेष सरांनी, म्हणजे अंकाचं काम बघणाऱ्या सरांनी, "छान, भरगच्च झालाय" म्हणून त्याला मान्यताही दिली होती.

पण तू तो अख्खा वाचलास. जाहीर नोटिसासुद्धा न सोडणारी बाई तू, तुझ्या हातून काय सुटणार? आणि मी एसटीत चढले तेव्हा खिडकीशी येऊन म्हणालीस, "व्हय गं, त्या म्हशीचं पुढं काय झालं?"

मला कुठली म्हैस तेच कळेना. गाडी सुटल्यावर नमुना उघडला. ज्ञानू नावाचा आमच्यातलाच एक मुलगा आहे, शिरोळकडचा, फारसा बोलत नाही. त्यानं महापुराचं लिहिलं होतं. त्यांच्या दारात नाव येते, नावेत माणसांपुरतीच जागा असते, आई चढायला तयार होत नाही, आणि शेवटी आईनं म्हशीचं दावं सोडलं आणि. बस, एवढंच. "आणि"च्या खाली क्रीडामहोत्सवाची फीत कापतानाचा फोटो. फोटो मोठा केल्यावर उरलेला मजकूर खाली ढकलला गेला आणि पानाबाहेर पडला. आत्या, हा नमुना आम्ही सगळ्यांनी तपासला होता, कट्ट्यावर पोरांतही फिरला होता. म्हैस अर्ध्यातच राहिली, हे एकालाही खटकलं नाही.

कोल्हापुरात उतरून थेट सम्राटला गाठलं. तो आधी चिडला, मग कुठले तरी परदेशी व्हिडिओ बघून दुसरा नमुना घेऊन आला. त्यात पांढरं पान, मधोमध एक शब्द, पुन्हा पांढरं पान. वाघ गेला होता, पण त्याच्याबरोबर वाचण्यासारखं सगळंच गेलं होतं. कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमननं शाई संपली का, असं काळजीनं विचारलं.

शेवटी ठरलं, आधी ज्ञानूला भेटायचं. तो कट्ट्यावर यायचा बंद झाला होता, हे तोवर आमच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणाला, "आता छापूच नगा. अर्धं वाचून पोरं मला म्हस म्हणायल्यात." हसत म्हणाला, पण आमच्याकडे बघेना. सम्राटनं मान खाली घातली. मी जे खरं होतं तेच सांगितलं, "आमच्या आत्यानं ईचारलंय, म्हशीचं पुढं काय झालं. बाकी अंकातलं तिला कायबी आठवत न्हाय."

तेव्हा कुठं त्यानं आमच्याकडे बघितलं. म्हणाला, "खरंच ईचारलं?"

आणि त्यानं पुढचं सांगितलं. पाणी ओसरल्यावर आई गावोगाव हाका मारत फिरली. पलीकडच्या एका गावात शाळेच्या वर्गात पुरातली जनावरं बांधली होती. आईनं दारातून "चंद्रे" म्हणून हाक मारली आणि आतून हंबरणं आलं. घर पडलं तेव्हा न रडलेली आई तिथं फळ्याखाली बसून रडली.

सम्राटनं तिसरा नमुना केला तो या मजकुरापासून. तोच पहिल्या पानावर, पूर्ण, मोकळ्या समासात, वाचता येईल अशा अक्षरात. फोटो गेले मागं, छोटे होऊन. उन्मेष सर आधी नाराज होते. मी त्यांना तेच पान "आणि"पर्यंत वाचायला दिलं आणि कागद काढून घेतला. सर म्हणाले, मग? त्यानंतर फोटोंचा विषय निघाला नाही.

अंक छापून आला आहे. ज्ञानू कट्ट्यावर येतो, चहाचा आग्रह करतो आणि कुणी चंद्रीचं विचारलं तर सांगतोही. हे सगळं तुझ्या एका प्रश्नामुळं. इतक्या मनापासून माझं कुणी काही वाचेल, तर मी जन्मभर लिहीन.

मामांना नमस्कार.

तुझी,
संयोगिता

ता. क. शनिवारी सकाळी प्रकाशन आहे. ज्ञानूची आई, झुंबरबाई, येणार आहेत, पण सर-मॅडमांच्यात बसायचं म्हणून बुजल्यात. तू येऊन त्यांच्याशेजारी बस. गुडघ्याची सबब चालणार नाही, सम्राट गाडी घेऊन येतो आहे.

ता. क. २ यायलाच हवं, त्याला आणखी एक कारण आहे. ऋणनिर्देशात तुझं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात आहे. फक्त ती चौकट सम्राटनं श्रद्धांजलीच्या पानावरून उचलली, त्यामुळं नावाआधी "कै." राहून गेलं. सगळ्या प्रती तशाच निघाल्या. उन्मेष सर काल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, शेवटपर्यंत वाचत होत्या का गं? तेव्हा पुढच्या रांगेत आणि जमल्यास भडक साडीत बस. मामांना मात्र अंक तू शेजारी बसलेली असतानाच दाखव.