एका लॅपटॉपात दोन सिस्टम

८ ऑक्टोबर २०२३, रविवार
संकल्प पक्का. २७ तारखेच्या शिक्षण परिषदेत साऱ्या गुरुजींसमोर डेमो देणार. लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्या खोट्यात विंडोज अन् लिनक्स, दोन्ही. सुरू करतानाच मशीन विचारते, कोणतं पाहिजे? सिहोऱ्यात असं कोणी केलं नाही. तंत्रस्नेही शिक्षक कोणाले म्हणतात ते कळू दे एकदा.
लॅपटॉप रुचिताचा. बायकोचा म्हणजे घरचाच.

९ ऑक्टोबर
रुचिता कुरकुरली. तिची पीएचडी त्यात आहे. रोवणीची, म्हणजे धान लावतानाची गाणी. गावी नाकाडोंगरीले जाऊन जाऊन माझ्या आईकडून एकसष्ट गाणी रेकॉर्ड केली. मोबाइल भरला म्हणून त्यातून काढून लॅपटॉपात ठेवली. आई मे महिन्यात गेली. बाकी बाया म्हणतात, पार्वताबाईले येत होती तेवढी आम्हाले येत नाहीत.
मी म्हटलं, खोट्यातलं खऱ्याले लागत नाही. स्वप्नात पडल्यानं गुडघा फुटते काय? ती भात टाकायले उठली. पटलं असावं.

१२ ऑक्टोबर
विंडोज ४२ टक्क्यांवर अडकलं. दोन तास. पुतण्या अंकुश नागपूरले इंजिनियरिंगले आहे. फोनवर म्हणे, काका, चार जीबी रॅम आहे, कायले त्याचा जीव घेऊन राहिले? अन् आधी बॅकअप पाहा. पोट्टा हाफपँटीत होता तेव्हा मले एमएस-सीआयटीत ९१ मार्क होते.

१५ ऑक्टोबर
लिनक्सनं विंडोज गिळलं. हरकत नाही. खोट्या मशीनमध्ये 'इरेज डिस्क' दाबायचं, सारं साफ, पुन्हा सुरू. आज अकरा वेळा दाबलं. बोटाले सवय झाली. मस्त बटन आहे!

२१ ऑक्टोबर
खोटं मशीन फारच हळू चालते. मार्ग सापडला. पेनड्राइव्हवर लिनक्स भरून तिथूनच थेट सुरू करायचं. व्हर्च्युअल मशीन टाकलेलं आहेच, म्हणजे लॅपटॉप सेफ.
कोरा पेनड्राइव्ह पाहिजे होता. घरात एकच, लाल, रुचिताच्या कपाटात. त्यात गाण्यांचा बॅकअप. लॅपटॉपात आहेतच की! एकच गोष्ट दोन जागी कायले? फॉरमॅट केला. तिले सांगितलं नाही, उगाच टेन्शन घेते.

२४ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ११
रुचिता दीक्षाभूमीले गेली. मलेही चला म्हणे. काम आहे म्हटलं. घर शांत.
१२.४० : डिस्क कोणती, विचारते. रोज वीस जीबी दाखवत होती, आज दोनशे चाळीस. मशीन वाढलं वाटते. इरेज डिस्क.
१.३० : लिनक्स आलं. सुसाट!
२.१५ : विंडोज की लिनक्स, हे विचारतच नाही. रुचिताचं फोल्डर कुठं गेलं? रीस्टार्ट.
३.०० : रीस्टार्ट.
४.०० : अंकुशले फोन केला. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. पेनड्राइव्ह लावून खरा लॅपटॉपच चालू केला काय? अन् बॅकअप? मग फोन कटला. त्याच्याकडे नेटवर्क खराब असते.

२५ ऑक्टोबर
भंडाऱ्याच्या दुकानदारानं लॅपटॉप अन् पेनड्राइव्ह, दोन्ही पाहिले. म्हणे, गुरुजी, काहीच परत येत नाही. त्याले जमत नसेल.
रुचिताले सांगितलं. भांडली नाही. समजदार आहे.

२७ ऑक्टोबर, दुपारी ३
परिषदेले गेलो नाही.
रुचितानं मोबाइल माझ्यासमोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. म्हणे, तुमच्या आईनं चाळीस वर्षं धानाच्या बांधीत रोवणी करताना गायलं, तुम्ही शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकत होते. एक तरी गाणं सांगा. लिहून घेते.
मी घसा साफ केला. पाण्याचं काहीतरी होतं. की भावाचं? चाल येऊन राहिली असं वाटलं, तीही गेली. एकोणीस मिनिटं झाली. सख्ख्या आईची एक ओळ मले आठवली नाही. लई लाज वाटली.
रुचितानं रेकॉर्डिंग बंद केलं. फाइलले माझं नाव दिलं. मग ती फाइल दोन जागी सेव्ह केली.