बाहेरची नळी की आतली

बाबूजी, मायच्या पाठीत आता एक बारीक नळी आहे, आणि माय सकाळपासून ओसरीत बसून माह्या बायकोले वांगे कसे चिरावे ते शिकवून राहिली. बायको चिडली आहे. मले इतकं बरं वाटून राहिलं की काय सांगू! तुम्ही चालता-फिरता, बगीच्यातल्या बगीच्यात गेले. दुखणं कसं असते ते तुम्ही पाहिलंच नाही, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

मायले गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. नागपूरले मशीनचा शेक देऊन झाला, सलाईनमधून औषधं देऊन झाली, आणि तरी तो कमरेच्या नसांमध्ये उतरला. कमरेतून कळ निघायची ते थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. कमी पडल्या की वाढवायच्या, वाढवल्या की माय झोपायची. बोलता बोलता मान टाकायची, खाल्लेलं उलटून पडायचं, पोट साफ व्हायचं नाही. एकदा तर भिंतीकडे पाहून कोणाले तरी पाणी देत होती. गोळी कमी केली की ओरडायची. अशी ओरडायची बाबूजी, की शेजारचे टीव्ही बंद करायचे. जागी असली की दुखते आणि दुखत नाही तेव्हा ती जागी नाही. असं कितीक दिवस चालवायचं?

मग नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं आम्हाले समोर बसवलं. भली बाई, घाई नाही काही नाही. तिनं कागदावर मणका काढून दाखवला. म्हणे, मॉर्फिन पोटातून सगळ्या अंगभर फिरवण्यापेक्षा पाठीच्या कण्यापाशीच सोडता येते. त्याच्या दोन तऱ्हा. कण्यातल्या नसांच्या दोरीभोवती पाणी असते आणि त्या पाण्यावर एक आवरण. एक नळी आवरणाच्या बाहेर ठेवायची. औषध झिरपून आत जाते, त्यामुळे जास्त लागते, पण गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी. ही नळी काही आठवड्यांत बुजू शकते. दुसरी नळी आवरणाच्या आत, सरळ पाण्यात. तिथं औषध अगदीच थोडं पुरते, म्हणून झोपही कमी येईल अशी आशा. पण जंतू शिरले तर थेट मेंदूच्या पाण्यात. सुरुवातीले डोकं दुखू शकते, लघवी अडू शकते. दोन्हीत नळी कातडीखालून पोटापर्यंत आणायची आणि औषधाचा छोटा पंप पिशवीत घालून संग वागवायचा. आखा पंपच पोटात बसवता येतो म्हणे, पण तो आपल्या आवाक्यातला नव्हता.

मी विचारलं, "दोघींतली चांगली कोणती?"

"पुस्तकात एकीले जिंकवलेलं नाही," ती म्हणाली. "समोरासमोर तुलना फारशी झालीच नाही. माणूस पाहून ठरवावं लागते."

आता मी संत्रेवाला माणूस. मी म्हटलं, "मग दोन्ही लावून टाका न मॅडम!" ती हसली. मले आठवलं, मी पहिल्यांदा बगीचा हाती घेतला तेव्हा हिवाळ्यातला आंबिया आणि पावसाळ्यातला मृग असे दोन्ही बहार एकाच झाडावर घ्यायले निघालो होतो, आणि तुम्ही बांधावरून ओरडले होते, "झाड आहे का गाढव आहे ते तुहं?" तेव्हापासून कोणता बहार सोडायचा ते तुम्हीच ठरवत गेले. बहारच काहून, घरातलं तर आधीपासून सगळंच. माय अजून सांगते, तिच्या पोरं बंद करायच्या ऑपरेशनच्या शिबिराले तुम्ही तिले बैलगाडीत नेलं आणि कशाले नेऊन राहिले ते लोधीखेड्याच्या वाटेवर सांगितलं. गाडीत कापसाची नवी गादी टाकली होती, तिले धक्के लागू नये म्हणून. एवढी काळजी होती तुम्हाले. पण विचारलं नव्हतं.

आणि मीही त्याच वळणावर चाललो होतो. सौंसरले परत येऊन जो भेटेल त्याले विचारत होतो. पांढुर्ण्याच्या मामाले फोन केला. तो म्हणे, बाहेरचीच लाव, आतलं काम जोखमीचं. बायको म्हणे, आतली. मायच्या खाटेपाशी उभं राहून आम्ही मायविषयी भांडत होतो.

नळीच्या आधी नागपूरच्या दवाखान्यात पाठीत त्याच औषधाची एक सुई देऊन पाहिली, सोसते का ते. डॉक्टरीणबाईनं तिच्यावर नजर ठेवली, श्वास मोजला. दुपारी माय कुशीवर वळली. स्वतःहून वळली बाबूजी! मग म्हणाली, "चहा आणा, अन् साखर कमी घालजा."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे न पाहता खाटेवर बसली. "आजी, तुम्हीच सांगा, कोणती लावू?" आणि दोघींतला फरक तिले पुन्हा सगळा समजावून सांगितला, धोक्यासकट.

मायनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मले माहीत आहे ती दाराकडे काहून पाहत होती. दारात कोणी नव्हतं.

"आतली लावा," ती म्हणाली. "बाहेरची बुजली त पुन्हा पाठ टोचा लागन. अन् मले जागी राह्याचं आहे."

मी म्हटलं, "माय, धोका आहे त्यात."

"धोका माहा आहे न? तुहा थोडीच आहे!"

नळी लागली. डोकं दोन-चार दिवस दुखलं, अंगाले खाज सुटली, मग कमी झाली. कळ पूर्ण गेली नाही, पण बसता येते, बोलता येते, रागावता येते. पंपातलं औषध भरायले नर्सबाई येते. ताप आला की लगेच फोन करायचा, एवढं मी पाठ करून ठेवलं आहे. ती बरी होणार नाही, हे तिलेही माहीत आहे.

आता तिनं आवाज दिला, "कोणाले लिहून राहिला?" मी म्हटलं, "बाबूजीले." ती म्हणाली, "त्यायले फक्त सांगजो. विचारू नको काही."

विचारत नाही. हा कागद कुठं पाठवायचा तेही मले माहीत नाही. फक्त एक सांगतो, रागावू नका. मायनं दाराकडे पाहिलं तेव्हा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, तुम्ही तिथं नाही याचं मले बरं वाटलं.