वेताळाच्या हाताचा वास

पेठ,
ता. ८ एप्रिल २००१

चि. तृप्तीस आजाचे पुष्कळ आशीर्वाद.

तू नाशिकला नीट पोचल्याचा फोन दुकानावर आला होता, पण दुकानदाराने मला तो दुसऱ्या दिवशी सांगितला. तोवर मी घाटातली वळणंच आठवत बसलो. तुझ्या बापाला म्हणावं, अंबडच्या कंपनीत सारखी रात्रपाळी घेऊ नकोस, डोळे जातात. इकडे सगळं ठीक. झुंबरबाईचे गुडघे तसेच आहेत, तोंड मात्र चालू आहे.

पत्राचं कारण असं, की तू भरून नेलेली माझ्या बोलण्याची ती कॅसेट कॉलेजात देऊ नकोस. माझा आवाज चांगला नाही. मध्येच कोंबडा ओरडला आहे. शिवाय मी चौथी शिकलेला. गावाचा इतिहास माझ्यासारख्याने सांगावा हे बरं दिसत नाही. कोणी शिकलेला माणूस गाठ.

एवढं लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. पाकिटासाठी खळ केली, ती वाळून गेली. आता खरं कारण लिहितो.

तुला सांगितलं होतं, की बोहाड्याच्या उत्सवात देवा-भुतांची सोंगं नाचतात, त्यातलं एकेक सोंग एकेका घराकडे असतं. आपल्याकडे वेताळाचं. ते लाकडी तोंड बांधून घरच्या पुरुषानेच नाचायचं. एक वर्ष चुकलं तर मान दुसऱ्या घरी जातो. मग मी माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली. वेताळ नाचत जवळ आला, मी भिऊन रडलो, तेव्हा त्याने मला उचलून छातीशी धरलं. तो माझा बाप होता. त्याच्या हाताला नागलीच्या पिठाचा वास येत होता. त्यावर तू विचारलंस, "आजोबा, तुमचे वडील भाकऱ्या करायचे का?" आपण दोघं हसलो.

तू गेलीस आणि माझं हसू राहिलं नाही. बापाने जन्मात पिठाला हात लावला नव्हता.

झुंबरबाई माझी थोरली बहीण, तिला सगळं आठवतं. तिच्याकडे गेलो. ती शेंगा फोडत होती.

"आक्का, त्या वर्षी वेताळ कोण नाचलं? बापच ना?"

"आज सुचलं व्हय तुला इचारायला? बाप तवा जंगलात, कोळशाच्या भट्टीवर. ठेकेदारानं सोडलाच नाय. मान जायला आला व्हता. मंग आईनंच धोतर नेसलं नि तोंड बांधलं. संबळवाल्या मल्हारीला ठावं व्हतं, दुसऱ्या कोणाला नाय."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"म्हातारा झाला तरी बाप बाप करत हिंडतो. कशाला मोडू तुझं?"

बाप भट्टीवरून येऊन, नाचून, तसाच परत गेला, असं गाव धरून चाललं. पुढे तो घरी आला तेव्हा लोकांनी त्याची पाठ थोपटली. त्याने नाही म्हटलं नाही. त्या नाचाची वाहवा आमच्या घरात कितीतरी वर्षं चालली. आई चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची. तिला काय वाटत असेल, याचा विचार करायला बसलो की मला तिचा चेहरा दिसत नाही. पाठ दिसते.

मी तुला खोटं सांगितलं नव्हतं, पोरी. वास खरा, छाती खरी. माणूस तेवढा मी बसवला. आणखी कुठे कुठे असा माणूस बसवला असेल, कोण जाणे.

काळजी ही, की तो पिठाचा वास छापून आला तर कोणीतरी ओळखेल आणि पंच म्हणतील, बाईने तोंड बांधलं, सोंग विटाळलं. मान काढून घेतील. कारभारीच्या घरचे टपलेलेच आहेत. आणि यंदा तुझा बाप, किशोर, पहिल्यांदा नाचणार. या विचाराने जेवण जात नाही.

काल सोंगाचं ते लाकडी तोंड माळ्यावरून खाली काढलं. कपाळाला टोचू नये म्हणून आत चिंधी शिवलेली आहे. मी नाचायचो तेव्हा तिच्यावरच कपाळ टेकलेलं असायचं, पण कधी नीट पाहिली नव्हती. लुगड्याचा काठ आहे, हिरवा. झुंबरबाईला दाखवला. तिने बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "तिचाच."

हा काठ पुढे बापाच्या कपाळाला लागला, माझ्या लागला. इतक्या वर्षांत वेताळाने काही तक्रार केली नाही.

तेव्हा वर जे लिहिलं ते रद्द समज. कॅसेट दे, आणि हे पत्रही सोबत दे. पंचांसमोर मी बसेन. भीती वाटते, पण बसेन. किशोर म्हणत होता, ती चिंधी काढून कंपनीतला स्पंज लावू. त्याला सांग, स्पंज आणू नकोस.

आणखी एक. टेपवर मी बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, मल्हारीचंही घेतलं. आईचं तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ते आता लिहून घे.

तुझा आजा,
लंकाबाईचा मंगळू